स्लीव्ह की बायपास? आमच्या घरात दोन्ही आहेत

ही दोन्ही वजन उतरवायची, जठरावरची ऑपरेशनं, हृदयाची बायपास नव्हे. माझी स्लीव्ह, ठाण्यात, सहा वर्षं झाली. मोठ्या नणंदेची बायपास, त्या ऐरोलीला, त्यांना सात होतील. त्यामुळे नात्यातलं कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की कुठली करू, आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती किलो गेले. पहिल्या वर्षी दोघींचंही धपाधप उतरलं हो, तिथे काही कळत नाही, फरक दिसला तो नंतर.

आकडे सांगून टाकते. मी १०८ वरून पंधरा महिन्यांत ७१, आज ८१. नणंद, म्हणजे ताई, १०१ वरून ६८, आज ७३. म्हणजे दोघींचंही परत आलंय, माझं जास्त. आता दोन बायकांवरून काही सिद्ध होत नाही, पण फिनलंडच्या स्लीव्हपास ट्रायलमध्ये दहा वर्षांनी बघितलं तेव्हा जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं साधारण ४३.५ टक्के कमी राहिलं होतं आणि बायपासवाल्यांचं ५०.७, म्हणजे बायपास पुढे आहे पण लोक सांगतात तेवढी नाही. आणि बायपास केली की परत वाढतच नाही हे तर साफ खोटं, स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात एक-दोन वर्षांनी एकूण वजन ३२ टक्क्यांनी उतरलेलं होतं, दहा वर्षांनी तेच २५ वर आलं.

परत का वाढतं, तर सगळे म्हणतात तोंड आवरत नाही. अहो, जादा वजनाची ३७ किलोची बॅग पाठीवर घेऊन मी रोज ठाणे स्टेशनचा जिना चढायचे, ती बॅग गेली, मग चढायला कॅलरी कमीच लागणार ना. शिवाय चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि घटलेल्या वजनाच्या हिशोबाने जेवढं जाळायला हवं त्याहूनही शरीर कमी जाळायला लागतं. अमेरिकेतल्या बिगेस्ट लूझर स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले, २०१६ ला ते छापून आलं, त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांनी डाएट आणि व्यायामावर उतरवलं होतं. त्याच स्पर्धेतल्या लोकांची बायपासवाल्यांशी तुलना झाली तेव्हा बायपासवाल्यांत सहा महिन्यांनी हा प्रकार दिसला, पण वर्ष झाल्यावर नाही. म्हणून ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

भुकेचंही तसंच. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढतात, उरते ती केळ्यासारखी नळी, आणि घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन मुख्यतः त्या कापलेल्या भागातूनच येतं, त्यामुळे पहिलं वर्षभर मला जेवायची आठवण करून द्यावी लागायची. बायपासमध्ये काही काढत नाहीत, वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती खाली आतड्याला जोडतात. दोन्हीत जेवणानंतर पोट भरल्याचं सांगणारं जीएलपी-१ वाढतं. पण नळी हळूहळू सैल होऊ शकते. कुंजविहारचा वडापाव मला पहिली दोन वर्षं अर्धाच जायचा, आता अख्खा जातो आणि वर चहा. त्याहून मोठा चोर म्हणजे चिवडा. भाकरी-भाजी चार घासांत गच्च होते, पण चिवडा, फरसाण, बिस्कीट, आइस्क्रीम सुळकन सरकतं, पोट भरतच नाही, टीव्हीसमोर वाटी कधी रिकामी झाली कळत नाही. माझ्या दहा किलोतले निम्मे तरी या वाटीतून आलेत.

ताईंचं उलटं. मागच्या वर्षी साखरपुड्याला त्यांनी आग्रहाखातर अर्धी वाटी बासुंदी घेतली, पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, शेवटी नवरीच्या खोलीत त्यांना आडवं केलं आणि बिचारी नवरी उभ्याने केस विंचरतेय. याला डंपिंग म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं ते गोडापासून आपोआप लांब राहतात, आता याला फायदा म्हणायचं की तोटा तुम्हीच बघा.

पण माझ्या मते खरा निर्णय किलोवर नाहीच, ॲसिडिटी आणि शुगरवर आहे. मला आधीपासून छातीत जळजळ होती, ती कोणी नीट विचारलीच नाही, मीही सांगितली नाही, ॲसिडिटी काय सगळ्यांनाच असते असं वाटायचं. आता गोळी घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही. त्याच फिनलंडच्या ट्रायलमध्ये दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्क्यांना आणि बायपासवाल्यांत ७ टक्क्यांना होती. म्हणून आधी एंडोस्कोपी करून घ्याच, जळजळ जुनी असेल तर माझा कौल सरळ बायपासला. जुनी डायबेटिस असेल तरी बहुतेक बायपासच. ताईंचं इन्सुलिन बंद झालं, मात्र पाच वर्षांनी एक गोळी परत आली, त्यामुळे शुगर गेली ती गेलीच असं धरून चालू नका.

मग मी स्लीव्ह का केली? ऑपरेशन सोपं, आतड्याला हात नाही, आणि मला संधिवातासाठी अधूनमधून पेनकिलर लागतात, बायपासनंतर त्या नेहमीच्या पेनकिलर बंद कारण जोडावर अल्सर होतो. सिगारेटचंही तेच. दारू चढतेही पटकन, हे भावोजींना मुद्दाम सांगावं लागलं, कारण पार्टीत ताईंचा ग्लास तेच भरतात. बी१२, लोह, कॅल्शियम, डी आयुष्यभर दोघींनाही, पण बायपासला त्यात हयगय अजिबात चालत नाही, ताईंनी सहा महिने गोळ्या सोडल्या तर हिमोग्लोबिन इतकं घसरलं की शिरेतून लोह द्यावं लागलं. मिनी बायपास म्हणून बायपासचाच एक प्रकार आहे, त्यात आतड्याला दोनऐवजी एकच जोड असतो, पण पित्त वर येऊ शकतं, हे विचारून घ्या.

हल्ली तिसरा प्रश्न इंजेक्शनचा. सेमाग्लुटाइडने वजन उतरतं, पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं असं ट्रायलमध्ये दिसलंय. ऑपरेशननंतर परत वाढलेलं वजन आवरायला हीच इंजेक्शनं देतात, माझ्या डॉक्टरांनी मलाही विचारलंय, दर महिन्याचा खर्च बघून मी अजून हो म्हटलेलं नाही. ऑपरेशनला मेडिक्लेम साधारण बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबाने वजनाचा आकडा, ४० वर, किंवा ३५ वर आणि सोबत गंभीर आजार असेल तर मिळतो, पण पॉलिसीतला वेटिंग पिरियड आधी वाचा, आमचे आठ महिने त्यातच गेले.