‘सीबीएसई’ची पाटी बघून ३,८२,५०० रुपये भरले, नववीत कळलं की शाळाच कागदावर नाही

तीन लाख ब्याऐंशी हजार पाचशे. पावत्या, बँकेतून गेलेले आणि रोख दिलेले, सगळे धरून. गॅदरिंगच्या ड्रेसचं भाडं आणि दर वर्षीचे नवे बूट यात धरलेले नाहीत. एवढे पैसे मोजून माझी मुलगी चार वर्षं ज्या शाळेत गेली, ती शाळा सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. सीबीएसईची मान्यता नाही हे एक, पण राज्य सरकारची साधी पहिली ते आठवीचीही मान्यता नाही. म्हणजे कागदोपत्री पोरगी चौथी पास होऊन घरी बसलेली.

शाळेचं नाव घेत नाही. वकील म्हणाले, तक्रार मार्गी लागायच्या आत नाव घेतलंत तर अब्रुनुकसानीची नोटीस आधी तुम्हालाच येईल. पुणे-नाशिक रस्त्याच्या पट्ट्यातली आहे एवढं पुरे. तिथं गुंठेवारीतल्या तीन मजली इमारतीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेली ही एकच शाळा नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपापली तपासावी.

आता भेटेल तो विचारतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढलीच कशाला? हेच लोक पाच वर्षांपूर्वी ‘अजून झेडपीतच घालताय होय’ म्हणत होते. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्टची नोकरी. लॉकडाऊनमध्ये झेडपीचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, घरात स्मार्टफोन एक, तो माझ्याबरोबर कंपनीत. रात्री घरी आलो की पोरगी डोळे चोळत गृहपाठाचे फोटो काढायची. शेजारच्यांचा मुलगा मात्र सकाळी टाय लावून लॅपटॉपसमोर, इंग्रजीत ‘येस मॅम’. तुमच्या पोटात काय झालं असतं? आमच्याही झालं. जून २०२१ मध्ये पाचवीला ॲडमिशन घेतली.

हिशोब असा. प्रवेश शुल्क १५,०००. ‘इमारत निधी’ म्हणून ५१,००० रोख, त्याची पावती नाही. पाचवीची फी ४६,०००, सहावीची ४९,५००, सातवीची ५४,०००, आठवीची ५९,०००. बसचे महिन्याला १,४०० प्रमाणे दहा महिन्यांचे १४,०००, असे चार वर्षांचे ५६,०००. पुस्तकं, वह्या, गणवेश त्यांच्याच काउंटरवरून घ्यायचे, त्याचे मिळून ३०,०००. आणि नववीचा पहिला हप्ता २२,०००, जून २०२५ मध्ये, गूगल पे करून. पन्नास हजारांवरची रोख रक्कम पावतीशिवाय मागतात तिथून तडक उठायचं, हे आता सांगतोय. शिक्षण हक्क कायद्यात कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीशिवाय प्रवेशासाठी उकळलेले पैसे, घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेच्या दसपटीपर्यंत दंड आहे. पण घेतली हे दाखवणार कशावरून? म्हणूनच ते रोख घेतात.

आता जी गोष्ट आठवली की अजून झोप लागत नाही ती. ॲडमिशन घेऊन दोनेक महिने झाले असतील, जुन्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. “दादा, तुमच्या मुलीचं नाव सरलवर अजून आमच्याच शाळेत दिसतंय. नवीन शाळेकडून ऑनलाइन विनंतीच आली नाही. त्यांचा यू-डायस नंबर विचारून मला कळवा ना.” सरल म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल, यू-डायस म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. मी हो हो म्हणालो. बाई पुढच्या वर्षी पुन्हा बोलल्या. त्याच्या पुढच्या वर्षी बाजारात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, “आता ती ड्रॉप बॉक्समध्ये पडलीय, कुठल्याच शाळेनं तिला उचललेलं नाही.” एवढ्या स्पष्ट शब्दांत. मी बायकोला काय म्हणालो माहितीये? म्हणालो, यांचा पट कमी झालाय म्हणून मागे लागल्यात.

आणि असं वाटणं काही आभाळातून पडलेलं नव्हतं. दर मे महिन्यात झेडपीचे शिक्षक दारोदार फिरतात, पोरं द्या म्हणतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक किती हे ठरवतात त्यात, शिक्षक अतिरिक्त ठरतो, बदली होते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग बाई आपल्या गरजेपोटी बोलत नसतील कशावरून? शिवाय मी नुसता गप्पही बसलो नाही. नव्या शाळेच्या क्लार्कला विचारलं. तो हसत म्हणाला, “सर, सरल-बिरल ते स्टेट बोर्डाचं असतं. आपलं सीबीएसई, आपलं सगळं दिल्लीतून.” निव्वळ थाप. यू-डायस नंबर प्रत्येक शाळेला लागतो, बोर्ड कुठलंही असो. अकरा आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. पोराच्या प्रगतिपुस्तकावर, दाखल्यावर तो दिसत नसेल तर पुढची फी भरू नका. आमच्या प्रगतिपुस्तकावर सोनेरी शिक्का होता, इंग्रजीत सुविचार होता, नंबर नव्हता. चार वर्षं मी त्याच्यावर सही करत होतो.

लेटरहेडवर मात्र एक संलग्नता क्रमांक छापलेला होता, ११३ ने सुरू होणारा. महाराष्ट्रातल्या सीबीएसई शाळांचे नंबर तसेच असतात, म्हणून एका मित्राने बघून ‘बरोबर आहे’ असंही सांगितलं होतं. सीबीएसईच्या ‘सारस’ पोर्टलवर तो टाकला तर वेगळ्याच जिल्ह्यातली, वेगळ्याच संस्थेची शाळा निघाली. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि मोबाईलवर होतं. नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका, त्यापुढे आलेला पत्ता वाचा.

बिंग फुटलं ते नववीत. सीबीएसईला नववीतच मुलांची बोर्डाकडे नोंदणी होते, त्यावर दहावीची परीक्षा. आमच्या वर्गाची नोंदणी कधी, म्हणून पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, तर त्याला ग्रुपमधून काढलं. आठ दिवसांनी मीटिंग. संस्थाचालक स्वतः आले, पांढरी फॉर्च्युनर, गळ्यात चेन. म्हणाले, मान्यता प्रोसेसमध्ये आहे, तोवर मुलांचं नुकसान नको म्हणून दहावीला आपण सतरा नंबरचा फॉर्म भरून घेऊ. सतरा नंबर! म्हणजे शाळा सुटलेली, कामधंदा करणारी मुलं बाहेरून दहावीला बसतात तो स्टेट बोर्डाचा फॉर्म. चार वर्षं दिल्लीचं पाणी दाखवून शेवटी पोरांना खाजगी विद्यार्थी म्हणून बसवणार, आणि त्याचेही वर १२,००० मागत होते. मुळात बोर्डाची संलग्नता मिळण्याआधी नववीचा वर्ग काढताच येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना पक्कं माहीत होतं.

मी उठून विचारलं, मान्यतेचं पत्र दाखवा. तर म्हणाले, “भाऊ, तुम्ही एकटेच का पॅनिक होताय? तुमची पोरगी इंग्रजी बोलते ना?” बाकीचे पालक खाली बघत बसले. प्रत्येकाला आपलं पोर वर्गात असल्याची भीती.

दाखला मागितला तर आधी नववीची पूर्ण फी भरा. भांडून मिळाला, तर त्यावर स्टुडंट आयडीचा रकाना कोरा, यू-डायसचा कोरा, आणि चौथीचा आमचा मूळ दाखला त्यांनी ‘गहाळ’ केलेला. मूळ कागद कुठल्याही शाळेत देताना झेरॉक्सवर पोच घ्या, अगदी सही-शिक्क्यासकट.

मग सुरू झाली सरकारी वारी. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सांगितलं, सीबीएसई आमच्या अखत्यारीत नाही. अहो पण ती सीबीएसई नाहीच, हीच तर तक्रार आहे! मग म्हणाले, ना-हरकत प्रमाणपत्राचा विषय वरचा, वर जा. वर गेलो तर ‘खालून अहवाल येऊ द्या’. खालचे म्हणतात वरून पत्र येऊ द्या. एका साहेबांनी तर मलाच सुनावलं, “पालकांनीच चौकशी करून प्रवेश घ्यायला हवा.” मग तुम्ही कशासाठी बसलाय तिथं? रोज त्याच रस्त्याने तुमची गाडी जाते, वीस फुटी होर्डिंग दिसत नाही? अनधिकृत शाळांची यादी तुम्हीच काढता, आणि ती पेपरात येईपर्यंत लोकांनी फी भरून, गणवेश शिवून घेतलेला असतो. आमची शाळा त्या यादीत एकाही वर्षी नव्हती. का नव्हती, हे त्या होर्डिंगवर नारळ फोडायला कोण आलं होतं त्याचा फोटो बघितला की समजतं.

फीबद्दल दाद मागायला गेलो, तर शुल्क नियमन कायद्यात आता एकट्या पालकाची तक्रार चालत नाही, पंचवीस टक्के पालक लागतात. पंचवीस टक्के! ज्यांची पोरं अजून त्या वर्गात बसतात ते सही करतील? आणि तिथल्या बाबूचं पुढचं वाक्य तर चौकटीत लावण्यासारखं होतं: शाळेला मान्यताच नाही, तर तिची फी आम्ही नियंत्रित कशी करणार?

पोलीस ठाण्यात आधी ‘दिवाणी मॅटर आहे’. मग वकील घेऊन गेलो तर चर्चा अशी की पैसे २०२१ पासून दिलेत, त्यातले जुलै २०२४ च्या आधीचे जुन्या दंड संहितेच्या फसवणुकीच्या कलम ४२० मध्ये जातील आणि नंतरचे नव्या न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, तर गुन्हा नोंदवायचा कशाखाली? दोन्हींखाली नोंदवा की! अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, गुन्हा अजून दाखल नाही. ऑनलाइन तक्रारही केली होती, ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा मारून निकाली काढली. संबंधित विभाग म्हणजे तेच, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती. ग्राहक आयोगाचं विचारलं तर शिक्षण ही ‘सेवा’ धरायची की नाही यावरच वाद, असं वकील म्हणाले.

आणि समजा उद्या कारवाई झालीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खाली मान्यतेशिवाय शाळा चालवल्याचा दंड एक लाखापर्यंत. आठवीच्या दोन पोरांची फी त्याहून जास्त होते. नोटिशीनंतरही शाळा चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत आहेत, पण त्यासाठी आधी कुणीतरी नोटीस काढायला पाहिजे.

खाजगी की सरकारी, हा वाद मी आता वेगळ्या नजरेने बघतो. झेडपीच्या त्या बाई डी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास, सरकारी भरतीतून आलेल्या. इथं मुलीला गणित शिकवणारी मुलगी बारावी झालेली होती आणि तिला महिना ७,००० मिळायचे, तिनेच नोकरी सोडताना बायकोला सांगितलं. दर दिवाळीला नवी मॅडम यायची. तिकडे पुस्तकं फुकट, दुपारी गरम पोषण आहार. सगळ्या झेडपी शाळा सोन्याच्या आहेत असं मी म्हणणार नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग आणि त्यातला एक शिक्षक कायम कुठल्या तरी सर्वेक्षणावर, हे मीही पाहिलंय. पण शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या झेडपी शाळेत प्रवेशासाठी पालक रांगेत थांबले, हे आपल्याच जिल्ह्यातलं. ते वाचूनही मी पाटीवरच्या ‘इंटरनॅशनल’ला भुललो, कारण फी जास्त म्हणजे शिक्षण चांगलं असं आपण सगळेच धरून चालतो. चांगल्या खाजगी शाळाही आहेत, त्यांनी उगाच अंगावर येऊ नये. तुमचे कागद खरे असतील तर ते ऑफिसबाहेर लावायला हरकत कसली?

मुलगी आता गावातल्या अनुदानित हायस्कूलला नववीत आहे, सेमी इंग्रजी. प्रवेशाला ४१० रुपये लागले. ड्रॉप बॉक्समधून तिला बाहेर काढायला त्याच बाईंनी जुनं जनरल रजिस्टर उघडून नोंद शोधली, चौथीच्या दाखल्याची दुसरी प्रत दिली, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन केला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पाचवी ते आठवीच्या रकान्यांत काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही.

ज्यांची पोरं त्याच शाळेत पाचवी ते आठवीला आहेत त्यांच्यासाठी: आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यावाच लागतो. ‘दाखला अडवू’ या धमकीला भीक घालू नका. दुसरा हप्ता भरू नका. आधी पोराच्या जुन्या शाळेत जा आणि पोर्टलवर नाव कुठं दिसतंय ते मुख्याध्यापकांसमोर बसून बघा. आणि ज्यांनी पैसे ऑनलाइन भरलेत त्यांनी बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. माझ्या एकट्याच्या अर्जावर ठाण्यात हलत नाहीत, दहा जणांचे एकदम गेले तर त्यांना कलम सुचेल.