तोल सावरण्याच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल : दावा आणि प्रत्यक्ष उपयोग

जळगाव-भुसावळ भागातील औषध दुकानांत साठीपुढील ग्राहकांसाठी अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारे म्हणून ओळखले जाणारे घटक) कॅप्सूलच्या बाटल्या अगदी समोर मांडलेल्या असतात. आम्ही घेतलेल्या बाटलीच्या दर्शनी भागावर ‘तोल, स्मरणशक्ती आणि उत्साह’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत, आणि मागे, चष्मा लावूनही जेमतेम वाचता येईल अशा टाइपात, ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले आहे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर हा इशारा देणे नियमाने बंधनकारक असते. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच घटकांच्या आणि याच दाव्यांच्या बाटल्या अनेक कंपन्या विकतात.

ही बाटली आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी आणली होती. यावल तालुक्यातील केळीच्या बागेत दिवसाउजेडी ठिबकच्या नळ्या सहज ओलांडणारे आप्पा अंधार पडला की ओट्याची पायरी उतरतानाही भिंत धरू लागले होते. दुकानदाराने बाटली हातात दिली, पण त्यांना मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, यांपैकी काहीही विचारले नाही. ही उणीव मला उत्पादनाच्या उणिवेइतकीच गंभीर वाटते, कारण ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने वॉरफेरिनसारखी औषधे घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

कॅप्सूल आकाराने मोठी आहे आणि गिळताना घशात अडखळते. तिचे आवरण जिलेटिनचे असल्याने खोक्यावर मांसाहाराची तपकिरी खूण आहे. मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्या माळकऱ्यांच्या आमच्या भागात ही गोष्ट विक्रेत्याने आधी सांगायला हवी होती. घटकांमध्ये क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, जस्त आणि द्राक्षबियांचा अर्क आहे. बाटली संपेपर्यंत आप्पांनी ती नेमाने घेतली. त्रास काही झाला नाही, पण चालण्यात तसूभरही फरक पडला नाही.

तसा तो पडण्याचे कारणही नव्हते. तोल राखण्यासाठी मेंदूला डोळ्यांकडून, आंतरकर्णाकडून आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून अशी तीन वाटांनी माहिती मिळते. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी आप्पांना पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले, तेव्हा ते लगेच एका बाजूला कलले. पायांकडून येणारी जाणीव मंदावली होती आणि डोळे तिची भरपाई करत होते, म्हणूनच त्रास अंधारात वाढत होता. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. पूर्ण शाकाहार आणि वर्षानुवर्षे चालू असलेली मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी ही दोन्ही त्याची परिचित कारणे आहेत, आणि तोलाचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या त्या बाटलीच्या घटकयादीत नेमके बी-१२ च नाही!

दुसऱ्या घरी कारण वेगळे असेल. कुशीवर वळताना गरगर फिरल्यासारखे होत असेल तर आंतरकर्णातील सूक्ष्म खडे जागचे हललेले असू शकतात, आणि डोके ठराविक क्रमाने वळवण्याच्या एप्ली पद्धतीने ते बहुधा पुन्हा जागेवर येतात. उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरत असेल तर रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. आमच्या वैशाखातील उन्हात, अंगातील पाणी कमी झाल्यावर, हे फार सहज घडते. यांपैकी कोणत्याही कारणावर अँटिऑक्सिडंट हा उपचार नाही.

शरीरात तयार होणाऱ्या अस्थिर मुक्त कणांमुळे (फ्री रॅडिकल्स) पेशींची झीज होते आणि अँटिऑक्सिडंट ती रोखतात, हा विचार प्रयोगशाळेत पटणारा आहे. गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांनी मात्र सावध केले आहे. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. विडी ओढणाऱ्या ज्येष्ठांची आपल्या गावांत कमतरता नाही, आणि तरीही आमच्या बाटलीवर त्यांच्यासाठी एक ओळही नाही. वयोमानाने दृष्टिपटल झिजण्याच्या विकारात, तो मध्यम टप्प्यावर असताना, अँटिऑक्सिडंट आणि जस्ताच्या ठरावीक मिश्रणाचा उपयोग दिसला आहे, परंतु ते मिश्रण नेत्रतज्ज्ञाने सांगून घ्यायचे असते.

पडणे टाळण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा तोलाच्या आणि पायांच्या ताकदीच्या व्यायामाचा आहे. कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. आप्पा आता बी-१२ ची इंजेक्शने घेतात आणि सकाळी ओट्याच्या कठड्याला धरून टाचा उचलण्याचा, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करतात. सुधारणा सावकाश आहे, पण आहे. बाटलीला मी पाचपैकी एक गुण देते, तोही घटकांची मात्रा स्पष्ट छापल्याबद्दल. घरात ती आधीच आणली असेल तर पुढची कॅप्सूल देण्यापूर्वी खोके आणि चालू गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना एकत्र दाखवावीत, आणि उभ्याने रक्तदाब मोजण्यास व बी-१२ तपासण्यास त्यांना आवर्जून सांगावे.