खुराडं एक की दोन? रंगीत अंडी आणि घरचं मांस

रंगीत अंडीही हवीत आणि मांसही घरचंच हवं, असं ठरवलं की लोक आधी जात कोणती ते विचारतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवावी: दोन्ही कामं एकाच कळपाकडून करून घ्यायची, की अंड्यांच्या कोंबड्या वेगळ्या आणि मांसाच्या वेगळ्या ठेवायच्या? मी तीन वर्षं एकच कळप ठेवला आणि आता चार वर्षं दोन ठेवतोय.

एका कळपाची ओढ मला आजही कळते. माझ्याकडे गडद तपकिरी अंडी देणाऱ्या मारान जातीच्या काळ्या-तांबूस कोंबड्या होत्या आणि निळ्या अंड्यांच्या अमेराउकाना जातीचा काळा कोंबडा. या जोडीच्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, ऑलिव्ह रंगाची अंडी देतात. निळा रंग कवचात आरपार मुरलेला असतो, तपकिरी मात्र अंडं बाहेर येण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो. नुकतंच घातलेलं, अजून ओलसर असलेलं अंडं अंगठ्यानं चोळलं तर तपकिरी थर थोडा पुसला जातो आणि खालून निळसर कवच डोकावतं. फोडलं की आतली बाजू फिकट निळी. हे पाहायला मी सकाळी मुद्दाम खुराड्याशी थांबायचो.

शिवाय बाहेरून काही आणावं लागत नाही. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची, २१ दिवसांनी पिल्लं. त्यातल्या माद्या अंड्यांना, नर मांसाला. हिशेब असा सरळ दिसतो, आणि बऱ्याच अंशी तो खराही आहे.

नरांचा त्रास सुरू होतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आरवणं, आपसातली मारामारी, तलंगांच्या मागे लागणं. त्यांना वेगळं कोंडावंच लागतं, म्हणजे एक कळप म्हणता म्हणता आवारं दोन होतात. खाद्याचंही तसंच. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. म्हणून सगळ्यांना वाढीचं खाद्य द्यायचं आणि शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांसाठी वेगळ्या भांड्यात ठेवायचा. हे सगळं मी निभावून नेलं असतं. माझं मन फिरलं ते पिसांच्या काळ्या खुंटांमुळे.

पहिल्या खेपेला सहा नर कापायचे होते, वय अठरा आठवडे. रात्रभर दाणा बंद, फक्त पाणी. सकाळी शंकूच्या आकाराच्या भांड्यात उलटं धरून नीट कापले, ६३-६४ अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवले. मोठी पिसं मुठीनं निघाली. आणि खाली कातडीभर काळे ठिपके. या वयात कोंबडा पिसं बदलत असतो, त्यामुळे नवी पिसं अजून आवरणातच, कातडीत अर्धी रुतलेली असतात. सुरीची बोथट कड आणि अंगठा यांत खुंट धरून ओढला तर कधी अख्खा येतो, कधी फुटतो. फुटला की शाईसारखा काळा द्रव कातडीवर पसरतो आणि त्या भोकात डाग राहतो. छातीवर, मांडीच्या आत, शेपटीच्या गड्ड्याभोवती, सगळीकडे. चिमट्यानं एक एक उपटत एका कोंबड्याला पाऊण तास लागला. सहावा झाला तेव्हा उजेड गेला होता आणि बोटं आखडली होती.

उपाय करून पाहिले. पाणी जास्त गरम केलं तर कातडी फाटली. दोन आठवडे थांबलो तर एका जागचे खुंट संपून दुसऱ्या जागी उगवलेले. कातडीसकट सोलून टाकणं हा उपाय चालतो, पाच-सात मिनिटांत पक्षी मोकळा होतो. पण अख्खा भाजायचा तर छाती कोरडी पडते, आणि मला कातडी आवडते. इतकं करून हातात येतं सव्वा किलोच्या आसपास, तेही बरंचसं तंगडीत. पांढऱ्या किंवा बदामी पक्ष्यालाही खुंट असतातच, पण ते दिसत नाहीत आणि डाग पडत नाही. फरक एवढाच आहे, पण कापायच्या दिवशी तो फार मोठा वाटतो.

चवीत मात्र तोच नर वरचढ, हे मान्य करायला हवं. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मांस सैल होऊ दिलं आणि मंद आचेवर शिजवलं, तर जलद वाढणाऱ्या ब्रॉयलरला ती चव येत नाही.

आता अंड्यांसाठी माझ्याकडे सहाच कोंबड्या आहेत, बहुतेक निळी अंडी देणाऱ्या क्रीम लेगबार. १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये पनेट आणि पीज या आनुवंशशास्त्रज्ञांनी लेगबार जातीवर काम सुरू केलं. हिचा मोठा गुण म्हणजे पहिल्याच दिवशी लव पाहून नर-मादी कळते: मादीच्या पाठीवर ठळक पट्टे, नर फिकट आणि डोक्यावर पांढुरका ठिपका. त्यामुळे फक्त माद्याच आणता येतात. उबवणीच्या ठिकाणी नर पिल्लांचं काय होतं हे मला माहीत आहे आणि ते मला टोचतं. दोन कळपांची ही बाजू मी लपवणार नाही.

मांसासाठी वर्षातून दोनदा पंधरा फिकट पिसांची पिल्लं. पहिल्यांदा जलद वाढणारे पांढरे ब्रॉयलर आणले होते. सातव्या आठवड्यात एका रात्रीत दोन मेले. वजनाला हृदय पुरत नाही, पाय वाकतात, भुसा सतत ओला राहतो. रात्री दाणा काढून घ्यायला हवा होता, तो मी उशिरा काढायला लागलो. आता हळू वाढणारे आणतो, ते अकरा-बारा आठवड्यांत तयार होतात. खाद्य जास्त लागतं, छाती थोडी कमी भरते, पण ते चालतात, माती उकरतात. साफ करायला एकाला दहा-बारा मिनिटं लागतात. मग पुढचे कित्येक महिने आवार कोंबड्यांना मोकळं.

घरीच पिल्लं काढण्यात तुमचा जीव रमत असेल आणि सोलून घेण्याला हरकत नसेल, तर एकच कळप ठेवा, मी अडवणार नाही. फक्त पिसं फिकट निवडा. बदामी अमेराउकाना कोंबडा आणि बदामी ऑर्पिंग्टन कोंबड्या ही जोडी मी आज निवडली असती. अंडी गडद ऑलिव्ह मिळणार नाहीत, फिकट हिरवी मिळतील. मारानमध्येही फिकट वाण आहेत, पण सर्वांत गडद अंड्यांसाठी लोक बहुधा काळ्या-तांबूस मारानकडेच वळतात, आणि काळे खुंट तिथूनच येतात.

त्या जुन्या कळपातली एक ऑलिव्हवाली अजून माझ्याकडे आहे. दिवस मोठे झाले की आठवड्याला दोन अंडी देते. निळ्या अंड्यांत तिचं एखादं असलं की टोपली भरल्यासारखी वाटते. ती अंडी खायलाच ठेवतो, उबवायला ठेवत नाही.