डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद नाही: रेकॉर्ड ऑफिस, माहिती अधिकार की ट्रिब्युनल?

कारगिलला होतो, पण डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेल्या सेवेच्या नोंदपुस्तकात, ऑप विजय स्टार नाही. एकाहत्तरला जमालपूरला होतो, पण पूर्वी स्टारचा पत्ता नाही. गोळी लागली होती, पण कागदावर ती साधी 'इंज्युरी' आहे. अशा तक्रारी घेऊन माजी सैनिक आणि वीरपत्नी सैनिक बोर्डात येतात. तिथून कोणी रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे, पाठवतं, कोणी माहितीचा अर्ज टाकायला सांगतं, तर कोणी थेट वकिलाकडे जायचा सल्ला देतं. तिन्ही सल्ले बरोबर असू शकतात, मात्र एकाच माणसासाठी नाही. दुरुस्ती नेमकी कशाची हवी आहे, त्यावर रस्ता ठरतो.

आधी आपली गोष्ट कुठली ते ओळखा

पहिला प्रकार मोहिमेच्या पदकांचा: समर सेवा स्टार, पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, श्रीलंकेच्या क्लॅस्पसह (रिबनवरच्या नावाच्या पट्टीसह) स्पेशल सर्व्हिस मेडल, ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. ठरलेल्या भागात, ठरलेल्या काळात तुम्ही हजर होता, एवढं सिद्ध झालं की हे पदक हक्कानं मिळतं. त्यावर दरमहा पैसा नाही. लढा नोंदीचा आणि मानाचा असतो.

दुसरा प्रकार शौर्य पदकांचा. हे राष्ट्रपतींच्या नावानं जाहीर होतं आणि भारताच्या राजपत्रात छापून येतं. राजपत्रात नाव असेल आणि डिस्चार्ज बुकात नसेल, तर काम सोपं आहे. त्या वेळी शिफारसच झाली नसेल किंवा ती वरच्या पातळीवर नाकारली गेली असेल, तर ती दुरुस्ती राहत नाही, नवा निर्णय मागणं होतं. शौर्य पदक हक्क म्हणून मागता येत नाही, अशीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. पन्नास वर्षांनी साथीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडून वीर चक्र मागणाऱ्या अर्जाचं पुढं काही होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

तिसरा प्रकार जखमेचा, आणि पैशाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा. जखम 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणजे लढाईतली जखम म्हणून नोंदली गेली, तर पराक्रम पदक म्हणजे वूंड मेडल मिळतंच, शिवाय पेन्शनही बदलतं. शंभर टक्के अपंगत्वाला साधा डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो. सेवेत राहून नंतर निवृत्त झालेल्याला वॉर इंज्युरी एलिमेंट 60 टक्के मिळतो, म्हणजे थेट दुप्पट. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात ए ते ई अशी वर्गवारी आहे. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीतली जखम 'ई'मध्ये येते, ड्युटीवरचा अपघात 'सी'मध्ये. एका अक्षराचा हा फरक माणसाला आयुष्यभर पुरतो.

पहिल्या प्रकारासाठी रेकॉर्ड ऑफिस बहुधा पुरतं. तिसऱ्यासाठी ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे सैन्य दल न्यायाधिकरणापर्यंत, जायची तयारी ठेवूनच सुरुवात करावी.

माहितीचा अर्ज की थेट दुरुस्तीचा अर्ज?

बहुतेक जण दुरुस्तीचा अर्ज आधी करतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. पार्ट टू ऑर्डर म्हणजे सैनिकाच्या सेवेतली घडामोड अधिकृतपणे नोंदवणारा लेखी आदेश. त्याचा क्रमांक नसलेल्या अर्जाला रेकॉर्ड ऑफिसचं ठरलेलं उत्तर येतं: 'उपलब्ध अभिलेखानुसार नोंद नाही.' मग हेच पत्र पुढं तुमच्याविरुद्ध पुरावा बनतं.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, उत्तराची मुदत 30 दिवस, प्रत पानाला 2 रुपये. कागद तुमचेच असल्यामुळं दुसऱ्याच्या खासगीपणाचा अडसर येत नाही. पण 'मला पदक का दिलं नाही?' असं विचारू नका. हा कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. मागायचं ते असं: शीट रोलची (सैनिकाच्या सेवेचा तपशील असलेला कागद) आणि लाँग रोलमधल्या (सैनिकांच्या नावांची कायमची नोंदवही) नोंदीची साक्षांकित प्रत, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या पदकासंबंधी पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, युनिटनं पाठवलेल्या पदकाच्या यादीतलं तुमच्या नावाचं पान, आणि यातला कागद नष्ट केला असल्यास तो कधी व कोणाच्या आदेशानं केला त्याची नोंद. शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवा कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट केली जातात, लाँग रोल मात्र कायम राहतो. 'कागद नष्ट झाले' या उत्तरावर लाँग रोल मागायचा असतो, हे ठाऊक असलेला माणूस तिथं अडत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

माहितीच्या अर्जानं नोंद दुरुस्त होत नाही. ते काम रेकॉर्ड ऑफिसचंच. कोणाचं ऑफिस कुठं, यात गल्लत होते: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचं मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीत सेना मुख्यालयात असतात. तुम्ही 41 राष्ट्रीय रायफल्समध्ये जखमी झाला असाल, तरी अर्ज तुमच्या मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच जातो.

नोंद सुटण्याचं एक मोठं कारण इथंच आहे. पदकाची यादी त्या वेळी ज्या युनिटच्या नावावर माणूस असतो ते युनिट करतं. अॅटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या युनिटबरोबर, गेलेला सिग्नलमन किंवा ड्रायव्हर लढाईत एका पलटणीबरोबर असतो आणि हजेरीपटावर दुसऱ्या. दोन्ही युनिटांना वाटतं की नाव दुसऱ्यानं पाठवलं. बदलीचा आदेश ऑपरेशन संपताच आलेला असेल तर असंच होतं. अशा वेळी त्या लढणाऱ्या पलटणीच्या अॅडज्युटंटला (पलटणीचं कार्यालयीन काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) वेगळं पत्र लिहून अॅटॅचमेंटच्या तारखांचं प्रमाणपत्र मागा. साथीदारांच्या तीन प्रतिज्ञापत्रांपेक्षा युनिटचं एक पान जड ठरतं.

दुसरी फसवी जागा सेना मेडलची. सेना मेडल दोन तऱ्हेचं असतं: शौर्यासाठी आणि विशिष्ट सेवेसाठी. शौर्याच्या सेना मेडलवर 2017 पासून दरमहा 2,000 रुपये भत्ता आहे, दुसऱ्यावर नाही. डिस्चार्ज बुकात नुसतं 'सेना मेडल' लिहिलं असेल आणि कंसातला 'गॅलंट्री' शब्द गळला असेल, तर भत्ता अडतो. इथं वाद घालायची गरज नाही. भारताच्या राजपत्राच्या भाग 1, विभाग 1 मधली राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना शोधा. तिच्या क्रमांकाच्या शेवटी 'प्रेस' आणि वर्ष असतं. तो क्रमांक अर्जात घातला की रेकॉर्ड ऑफिसला नाही म्हणायला जागा उरत नाही.

अर्जात सैन्यातला नंबर शेवटच्या चेक अक्षरासह लिहा. नाव आधारवर आहे तसं नको, सैन्यात होतं तसं लिहा, आणि फरक असेल तर तो स्वतंत्र ओळीत नमूद करा. वडिलांचं नाव किंवा आडनाव गाळून भरती झालेल्यांची गाडी नेमकी इथं अडते. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या पत्राबरोबर कधीही पाठवू नका. साक्षांकित प्रत पाठवा; मूळ मागितलं तरच, सगळ्या पानांची झेरॉक्स स्वतःकडे ठेवून, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं पाठवा.

सैनिक बोर्ड आणि ऑनलाइन तक्रार

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद साक्षांकित करतं, आपल्या पत्रासोबत अर्ज पुढं पाठवतं आणि हे फुकट होतं. नोंद बदलायचा अधिकार त्यांना नाही. लिहिता-वाचताना अडचण असणाऱ्या वीरपत्नीनं याच दारातून जावं. केंद्राच्या सीपीग्राम पोर्टलवर तक्रार निकाली काढायची मुदत 21 दिवसांची आहे. पण तक्रार फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसकडे येते. उत्तरच येत नसेल तर ढकलायला ती बरी. उत्तर 'नाही' असं आलं असेल, तर पोर्टलवर पुन्हा तेच येणार.

ट्रिब्युनल केव्हा?

सैन्य दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातचं काम बघतं. निवृत्त सैनिकाबरोबर त्याचे वारसही अर्ज करू शकतात आणि वकील सक्तीचा नाही. दोन अटी मात्र पक्क्या. आधी विभागाकडे दाद मागितलेली हवी. नकार मिळाला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत यावं लागतं. उत्तरच आलं नाही तर अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत यायचं. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकला त्या दिवशीच दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण सांगावं लागतं. दर दोन वर्षांनी नवं विनंतीपत्र टाकल्यानं जुनी मुदत पुन्हा जिवंत होत नाही.

नुसत्या मोहिमेच्या पदकासाठी हा खटाटोप आम्ही सहसा सुचवणार नाही. 'सी' ऐवजी 'ई' हवं असेल तर जरूर. तिथं लागतात ते कागद: इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-2006, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची अंतर्गत चौकशी) झाली असल्यास तिचा निष्कर्ष, रुग्णालयाचे कागद आणि मेडिकल बोर्डाची प्रत. रिपोर्टमध्ये 'गोळी' लिहिलेलं असतं आणि निष्कर्षात 'ड्युटीवर अपघात', असा मेळ न बसणारा एक कागद हाती लागला की बाजू बळकट होते. जिंकलात तरी थकबाकी जखमेच्या तारखेपासून मिळेल असं धरू नका. तरसेम सिंग प्रकरणातल्या 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उशिरानं आलेल्यांची थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित राहते. एक वर्ष थांबणं म्हणजे एक वर्षाचे पैसे सोडणं.

आदेश हातात आल्यावर एक काम उरतं. मोहिमेच्या पदकाची नोंद डिस्चार्ज बुकात झाली की संपलं. जखमेच्या वर्गवारीचं तसं नाही. रेकॉर्ड ऑफिसनं पार्ट टू ऑर्डर काढल्यावर दावा प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडे जावा लागतो आणि तिथून सुधारित पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश निघावा लागतो. तो 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसेपर्यंत बँकेत जुनीच रक्कम येत राहते. तेव्हा पार्ट टू ऑर्डरची प्रत आली की दावा पुढं कधी पाठवला, त्या पत्राचा क्रमांक आणि तारीख लगेच विचारून घ्या.