‘पेशीमृत्यू प्रोफाइल’: नळीभर रक्त आणि पिशवीभर गोळ्या

पाळीत असह्य कळा, सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट आणि काही वर्षं दिवस राहत नाहीत. अशा जोडप्याला गाठून ‘अपोप्टोसिस प्रोफाइल’, म्हणजे पेशी आपणहून मरण्याचं प्रमाण मोजल्याचा दावा करणारी रक्ततपासणी, विकलं जातं. आठवड्याने रंगीत रिपोर्ट येतो: कॅस्पेस-३ (पेशीमृत्यू घडवणारं प्रथिन) वाढलेलं, ‘बीसीएल-२ आणि बॅक्सचं प्रमाण बिघडलेलं’, शेजारी लाल बाण. मग त्याच काउंटरवर तीन महिन्यांच्या गोळ्या आणि सलाइनमधून अँटिऑक्सिडंट. तीन महिन्यांनी तीच तपासणी, ‘सुधारलेला’ आकडा, आणि पुढचा कोर्स.

हे खपतं, कारण त्यातलं विज्ञान मुळात खोटं नाही. पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याच्या आजारात (चॉकलेट सिस्ट त्याचीच खूण), अस्तरातल्या पेशी कमी मरतात असं अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणून त्या पोटात जाऊन चिकटतात आणि तगतात, असा तर्क आहे. उलट बीजाभोवतीच्या पेशी काही अभ्यासांत जास्त मरताना दिसल्या. एकाच बाईत इथे मृत्यू कमी, तिथे जास्त! मग दंडातून काढलेल्या रक्तातला आकडा नक्की कुठल्या पेशींबद्दल बोलतो? कॅस्पेस-३ तर सगळ्या शरीरभर असतं. बीसीएल-२ (मृत्यू रोखणारं) आणि बॅक्स (मृत्यू घडवणारं) ही पेशीच्या आत काम करणारी प्रथिनं. ती अस्तराच्या तुकड्यात तपासायची असतात.

तुकडा घेतला तरी पाळीचा कितवा दिवस, हे लिहिलेलं हवं. अस्तरातलं बीसीएल-२ पाळीनंतरच्या वाढीच्या काळात जास्त असतं, बीज सुटल्यावर घटतं. आठव्या दिवसाचा तुकडा बाविसाव्या दिवसाच्या ‘नॉर्मल’शी ताडला, की धडधाकट बाईही आजारी ठरते. दुसऱ्या खेपेला दिवस बदलला, की आकडाही बदलतो. कमाल गोळ्यांची नव्हे, पंचांगाची. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर ताळमेळ आणखी सुटतो.

रक्ताचंही तसंच. नळी तासन्‌तास पडून राहिली की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि ‘पेशीमृत्यू’ चढलेला दिसतो. शिवाय प्रथिनं मोजायच्या एलायझा पद्धतीच्या प्लेटला ९६ खळगे. तुलनेसाठीची आठ प्रमाण-द्रावणं जोडीने लावली तर १६ तिथेच गेले. एका नमुन्यासाठी सहसा कुणी प्लेट लावत नाही, नमुने गोठवून साठवले जातात. रक्त कधी काढलं, यंत्रात कधी फिरवलं, किती दिवस गोठवलं, हे रिपोर्टवर नसेल तर आकड्याला अर्थ नाही. किटचं नाव विचारा. अशा बऱ्याच किटांवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं.

लेटरहेडवरच्या एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) चिन्हाला भुलू नका. ती मान्यता तपासणीगणिक असते. मान्य तपासण्यांच्या यादीत ही आहे का ते पाहा. साखर आणि हिमोग्लोबिनसाठी मिळालेलं चिन्ह सगळ्यांवर मिरवलं जातं. ‘आमचं संशोधन चालू आहे’ असं उत्तर आलं, तर संशोधनाच्या तपासणीचे पैसे सहभागी रुग्णाकडून घ्यायचे नसतात, आणि लेखी संमतीही लागते.

वंध्यत्व-तज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेची २०२२ची मार्गदर्शिका रक्त, पाळीचा स्राव किंवा अस्तरातले जैवचिन्हक (आजाराची खूण म्हणून मोजले जाणारे पदार्थ) एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी वापरू नका असंच सांगते. सीए-१२५ ही रक्ततपासणीही त्यात आली. उपचार ठरतो तो योनिमार्गे सोनोग्राफी, लागल्यास एमआरआय किंवा दुर्बीण, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), नळ्यांची अवस्था, नवऱ्याची वीर्यतपासणी आणि बाईचं वय यांवरून. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीच असेल, तर ० ते १० गुणांचा ईएफआय (एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स) मागा. त्यातून आपसूक दिवस राहण्याची शक्यता कळते. गोळ्यांत घालवलेले सहा महिने पस्तिशीच्या बाईला आयव्हीएफच्या वेळी नडतात. खरा तोटा तोच, पैशांचा नंतर.

‘वंध्यत्व हमखास बरं’ अशी औषधाची जाहिरात १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने चालत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५; ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत. तपासणीची पावती, रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं जपा. गोळ्यांचं बिल वेगळ्या नावाने फाडलेलं असलं, तर ते आधी.