सरकायची फळी, म्हणजे ट्रान्सफर बोर्ड: आठ महिने वापरल्यावर

१९९३ च्या मे महिन्यात हापूस उतरवताना झाडावरून पडलो, डी-१२ ला, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याला मार बसला. तेव्हापासून व्हीलचेअर. खाट, कमोड, खुर्ची, रिक्षा. दिवसातून १५-१६ वेळा सगळं अंग दोन हातांवर उचलायचं, असं तीस वर्षं चाललं. गेल्या पावसाळ्यात उजवा हात वर जाईना. आंघोळीचा तांब्या डोक्यापर्यंत न्यायला डाव्या हाताने कोपराला आधार द्यावा लागे. एक्स-रेत खांद्याचा सांधा झिजलेला, सोनोग्राफीत स्नायूबंध अर्धवट फाटलेला. इतरांचे गुडघे झिजतात, आमचे खांदे. ऑपरेशन केलं तर काही महिने त्या हातावर भार द्यायचा नाही, म्हणजे मी खाटेवरच. फिजिओताई म्हणाल्या, आधी फळी घ्या.

ऑनलाइन १,९०० ला मिळाली. प्लायवूडची, ३० इंच लांब, ८ इंच रुंद, दोन्ही टोकं उतरती. एक टोक मांडीखाली चांगलं आत घालायचं, दुसरं खाटेवर. पुढे वाकून थोडं थोडं सरकायचं, उचलायचं नाही. डोकं उजवीकडे झुकवलं की बूड डावीकडे जातं. बोटं फळीखाली घालू नका, चेमटतात. चढावर सरकताना खांदा पुन्हा बोलतो, म्हणून आम्ही खाटेखाली ठोकळे लावून उंची सारखी केली.

एका कडेला कुसळं होती. मला कमरेखाली कळत नाही. रात्री हिने मांडीवरचा ओरखडा दाखवला तेव्हा समजलं. असल्या ओरखड्याचा बेडसोर व्हायला वेळ लागत नाही. शेजारच्या सुताराने पॉलिश पेपर मारून कड गोल करून दिली. उघड्या अंगाने सरकू नका, घामाने कातडी चिकटते. मी सुती लुंगी लावतो.

घेण्याआधी खुर्चीचा हात निघतो का ते बघा. शिबिरात फुकट मिळणाऱ्या बऱ्याच खुर्च्यांचा निघत नाही, मग फळी टेकवणार कुठे? मला त्यापायी खुर्ची बदलावी लागली.

दुखणं गेलेलं नाही. उजव्या कुशीवर अजून झोपता येत नाही. पण तांब्या आता एका हाताने डोक्यावर जातो. तिशीतल्या पोरांनो, खांदा दुखायच्या आधीच घ्या. मी त्या वयात हातांवर उडी मारून रिक्षात बसायचो आणि फळी म्हाताऱ्यांची समजायचो.

रिक्षाला मात्र ही लांबी पुरत नाही. तिथे मुलगा उचलून बसवतो.