मोटर भरणाऱ्यालाच मोटरीत गंडवलं, १०,०५८ रुपयांना

बावीस वर्षं मोटरी भरतोय, म्हणजे जळलेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतोय. कोल्हापूर भागात नदीवरच्या पंपांचं वाइंडिंग उन्हाळ्यात कसं जळतं आणि शेतकरी दुकानाच्या पायरीवर कसा ठाण मांडून बसतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. असल्या माणसाला पिवळ्या प्लास्टिकच्या, खेळण्यातल्या मोटरींवर फसवलं. घरात बायको आणि मुलगी सोडून ओळखीत कुणाला अजून सांगितलेलं नाही.

मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने चाकांची गाडी केली होती, ती सरळ जायचीच नाही, डावीकडे ओढायची. दोन स्वस्त मोटरी कधी सारख्या फिरत नसतात, एवढं मला कळत होतं. इलाज तिनेच शोधला: चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, एन्कोडर. साध्यातला साधा म्हणजे चाकाबरोबर फिरणारी वीस खाचांची काळी चकती आणि तिच्या खाचा मोजणारा सेन्सर. ६५ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात साधारण २०४ मिलिमीटर जातं, म्हणजे एक खाच सरकली की गाडी सेंटिमीटरभर पुढे. पण चाक पुढे फिरतंय की मागे, हे एका सिग्नलवर कळत नाही, त्याला दोन लागतात. हे सगळं तिने मला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं आणि माझी छाती फुगली. तिथेच घोळ झाला.

तसलं किट मी बघितलं तिथे साडेपाच हजाराच्या पुढेच होतं. एका रात्री मोबाइलवर जाहिरात आली. चार मेटल गिअर मोटरी, चारीला एन्कोडर, आर्डुइनो बोर्ड म्हणजे गाडीचा मेंदू, मोटरींना करंट देणारा मोटर ड्रायव्हर, चासी, सगळं मिळून ३,८४९ रुपये. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, 'फक्त आज'. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण फोटो मी मोठा करून बघितला होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण असं कुणाचं झालं की जो तो म्हणतो, 'बघून घ्यायचं नाही का?' बघितलं. मोटरीच्या मागून एक लाल आणि एक काळी, दोनच वायरी. एन्कोडरवाल्या मोटरीला सहा असतात: दोन मोटरीच्या, दोन सेन्सरच्या सप्लायच्या, दोन सिग्नलच्या. आमच्या थ्री फेज मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्येही सहाच टोकं. दिवसातून दहा वेळा मोजतो, टेस्ट लॅम्प लावून जोड्या काढतो, एखादं टोक लागत नसेल तर भरलेली मोटर परत खोलतो. आणि इथे डोळ्यांसमोर दोन. मुलगी शेजारीच होती. म्हणाली, "पप्पा, वायरी कमी नाहीत का?" मी म्हणालो, "आत वळवल्या असतील. तुला काय कळतंय मोटरीतलं?"

पैशापेक्षा हे वाक्य जास्त टोचतं.

अकराव्या दिवशी खोकं आलं. पिवळ्या मोटरी चार, काळ्या चकत्या दोन, आणि चकतीवर बसायच्या सेन्सरऐवजी समोरची भिंत ओळखणारे दोन बारके बोर्ड. तेही सेन्सरच, बिलावर 'सेन्सर २ नग' लिहिलेलंच होतं. वाद घालायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून सांगतो, मोटरीचा प्रकार, किती सिग्नलचा एन्कोडर, किती वायरी, हे ऑर्डरच्या आधी लेखी विचारा. उत्तरात नुसतं 'येस सर, बेस्ट क्वालिटी' आलं तर तिथेच सोडा.

फोन लावला. समोरचा हिंदीत इतका गोड बोलला की विचारू नका. चुकीचा माल गेला, अपग्रेडचे १,१८० भरा, जुनं खोकं उचललं की परत मिळतील. भरले. मूर्खपणा झाला, मान्य. पण दारात चार जळके पंप पडलेत, एकजण ऊस वाळतोय म्हणून माझ्यावर ओरडतोय, वार्निशचे हात फडक्याला पुसत तुम्ही फोनवर बोलताय. अशा वेळी कुणाचं डोकं जागेवर राहील, ते मला दाखवा.

आठवड्याने 'रिफंड विभागा'चा फोन. ३,८४९ अधिक १,१८०, बरोबर ५,०२९ रुपयांचा क्यूआर पाठवला. स्कॅन करा, पैसे येतील. आकडा रुपयासह बरोबर होता म्हणून मी विश्वास ठेवला. पिन मागितला, टाकला. माझ्याच काउंटरवर क्यूआर चिकटवलेला आहे हो! गिऱ्हाईक स्कॅन करतं, पिन टाकतं, आणि पैसे त्याचे जातात. रोज बघतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायला हवा होता. लाजेपायी मी रात्र घालवली, सकाळी केला. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा, पहिल्यांदा तोच विचारतात. तक्रार नोंदवून घेतली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यातून पुढे गेले होते.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन तक्रारीची प्रिंट आणा, बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. तिसऱ्या दिवशी सगळं नेलं तर खाते परराज्यातलं, हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मी तसं म्हणालो तर हवालदार हसला. "खेळण्यासाठीच ना? लेकरासाठी गेले समजा." अहो, लेकरासाठी गेले म्हणजे काय? दहा हजार अठ्ठावन्न रुपयांत मी किती मोटरी भरतो, हिशेब मांडा कधीतरी! अर्ज घेतला, पोच देईनात. पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हटल्यावर बाकावर दोन तास बसवलं. बँकेत तर मॅडमनी मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही. पुढचं खातं कुणाचं, ते गोठवलं का, हे विचारलं तर 'पोलिसांमार्फत या'. पोलीस म्हणतात बँकेतून आणा. दुकानाचे चार दिवस गेले ते कुठल्याच अर्जात नाहीत.

बिलही नंतर नीट बघितलं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबरची सुरुवात २७ ने. २७ महाराष्ट्राचा, दिल्लीचा ०७. माझ्या स्वतःच्या बिलबुकावर २७ छापलेलं आहे! नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून नाव जुळतं का बघा, एक मिनिट लागतं. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. माल मिळाल्यावरच पैसे, हे जमत नसेल तर घेऊ नका. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर १९१५.

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा बुधवार पेठेत एका दुकानातून एन्कोडरवाल्या दोन लहान मोटरी सुट्ट्या घेतल्या, ४४० ला एक. काउंटरवरच वायरी मोजल्या. दुकानदार बघत राहिला. बघू दे.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने आली. किंमत ३,४९९, फोटो तोच. मुलीने स्क्रीनशॉट काढून दिला. तो पोलीस ठाण्यात दाखवला तर म्हणाले, कलर प्रिंट आणा, दोन प्रती.